आधी परीक्षा केंद्रे स्वच्छ करा




देश घडवायचा तर शाळेत नीतिमूल्यांचा स्वतंत्र तास हवा, अशी मागणी अधूनमधून होते आणि तिला सहसा कोणी विरोध करत नाही. माझा विरोध आहे. मूल्ये मलाही हवी आहेत, पण तसा तास आपल्याकडे कधीचाच आहे आणि त्याने जे साधायचे ते साधलेले नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांत रोज परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा, सगळे होते. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्ये कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेली आहेत. आणि फेब्रुवारी-मार्च आला की यांतल्याच काही शाळांच्या कुंपणावर चढून नातेवाईक खिडकीतून चिठ्ठ्या आत टाकतात. विद्यार्थ्यांना 'सोयीचे' केंद्र कोणते हे आधीच ठाऊक असते. भरारी पथक येणार असल्याचा निरोप पथकाच्या आधी पोहोचतो आणि वर्गात पर्यवेक्षकच सांगतात, "आता थोडा वेळ शांत बसा." दहा वर्षे परिपाठाला हात जोडून उभ्या राहिलेल्या मुलाला त्या तीन तासांत कळते की मोठी माणसे बोलतात एक आणि वागतात दुसरे. हा धडा तो जन्मभर विसरत नाही.

गांधीजींनी आत्मचरित्रात राजकोटच्या हायस्कूलमधला एक प्रसंग सांगितला आहे. शाळा तपासायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने मुलांना पाच शब्द लिहायला दिले. मोहनचा एक शब्द चुकत होता. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजारच्या मुलाची पाटी पाहायला सुचवले, पण त्याने ती पाहिली नाही. आपण ही गोष्ट मुलांना मोहनच्या प्रामाणिकपणासाठी सांगतो. मला मात्र त्यातला शिक्षक जास्त अस्वस्थ करतो. साहेबापुढे वर्ग चांगला दिसावा, एवढ्यासाठी तो मुलाला चोरी शिकवत होता. आज त्या साहेबाच्या जागी शंभर टक्के निकालाचा फलक आहे.

कॉपी निदान दिसते तरी. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण पाहा. प्रकल्प विकत आणलेला, वही दुसऱ्याने लिहिलेली, तरी गुण वीसपैकी अठरा-एकोणीस. हे गुण देणारे शिक्षक वाईट नसतात. शेजारची शाळा देते, मग आपल्याच मुलांचे नुकसान का, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न खरा आहे, म्हणूनच एकट्या शिक्षकावर बोट ठेवून भागणार नाही.

याची किंमत देश मोजतो. 2019-20च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन अपात्र उमेदवारांना पात्र ठरवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले आणि 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ही परीक्षा शिक्षक होण्यासाठीची होती! परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्याचा कायदा 1982 पासून आहे, केंद्राने सार्वजनिक परीक्षांसाठी 2024 मध्ये आणखी एक केला. कायदे असूनही गुणपत्रिकेवर विश्वासच ठेवता येत नसेल तर पूल कोणी बांधायचा आणि औषध कोणी द्यायचे, हे ठरवणार कसे?

मूल्ये रुजवता येतात, हे याच मातीत दिसले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र ठेवली, एकत्र जेवू घातली, कष्टाची कामेही त्यांच्याकडूनच करून घेतली. समतेवर निबंध लिहून ती मुले समता शिकली नाहीत. रोज एका पंगतीत बसून शिकली.

म्हणून नवा तास, नवे पुस्तक आणि मूल्यांसाठी वेगळे गुण यांतले काहीही नको. गुण ठेवलेत तर त्यांचीही गाईडे निघतील. त्याऐवजी दहावी-बारावीच्या प्रत्येक केंद्रावर पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांतले नेमा. निकाल घसरला म्हणून मुख्याध्यापकाला नोटीस काढणे थांबवा, म्हणजे खरा निकाल लावायची त्याला भीती वाटणार नाही. अंतर्गत गुणांची अचानक पडताळणी करा. आणि सहावी-सातवीपासूनच अधूनमधून एखादी चाचणी पर्यवेक्षकाविना घ्या. काही मुले बघून लिहितील. त्यांना शिक्षा न करता दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर मोकळेपणाने बोला.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या परीक्षेत केंद्राच्या फाटकाबाहेर 'मदती'साठी उभे राहू नका, आणि पंचावन्न टक्के स्वतःच्या बळावर मिळवून आलेल्या मुलाला घरी शाबासकी द्या.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा