केस रंगवून पळणारे

या रहस्यकथा विशेषांकासाठी आलेल्या कथांमध्ये फरारी माणूस एकदा तरी आरशासमोर उभा राहतोच. केस रंगवतो, आणि पुढच्याच परिच्छेदात त्याला कोणी ओळखत नाही. 'द बॉर्न आयडेंटिटी' (2002) या चित्रपटात पॅरिसच्या हॉटेलात नायिका मारीचे केस असेच कापून रंगवले जातात. तिथे ते खपतं. आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात खपणार नाही.

काळ्या केसांना हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं म्हणून ते लगेच सोनेरी होत नाहीत. आधी तांबूस, मग नारिंगी होतात. भुवया काळ्याच राहतात. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढणारे केस मुळाशी चुगली करतात. असा माणूस आझाद चौकाकडून गल्लीत शिरला, तर ओट्यावरच्या आजी 'कोणाचा रे तू?' विचारल्याशिवाय त्याला सोडतील का?

आपल्याकडे लपायचं तर केस उतरवायचे. 1666 साली आग्र्याहून निसटल्यावर शिवाजी महाराजांनी मथुरेत दाढी-मिशा उतरवून राख फासली, असं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. मुंडन केलेला माणूस दिसला, की घरात कोणी गेलं असेल असं समजून लोक जास्त चौकशी करत नाहीत. इतकी जबर युक्ती हाताशी असताना लेखकाला डाय कशाला हवा? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार वाचत वाढलेला वाचक अशा बाटलीला भुलत नाही.

पुढच्या अंकासाठी कथा पाठवणाऱ्यांनी, आपला नायक ज्या गल्लीत लपणार आहे, ती आधी पायी फिरून यावी.