बापाची उचल, मुलाचा हप्ता

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी आष्टीला भेटावयास आला. त्याच्या आईवडिलांनी वीस-बावीस हंगाम ऊसाच्या फडात कोयता चालविला आणि त्या कमाईवर ह्या मुलाला शिकविले. आज तो पुण्याच्या परिसरातील एका कारखान्यात नोकरीस आहे. बरोबर पेढ्यांचा पुडा होता. "सर, वाघोलीला फ्लॅट घेतला," असे त्याने सांगितले आणि लगेच हप्त्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. मला आनंद झाला. पण कागद वाचता वाचता तो आनंद ओसरत गेला.

घराची किंमत प्रथम छत्तीस लाख सांगण्यात आली होती. पैशांची जुळवाजुळव करण्यात पंधरवडा गेला. तेवढ्यात "आणखी तिघे रांगेत आहेत" असे सांगून किंमत अडतीस लाखांवर नेण्यात आली. वडिलांची जिराईत जमीन विकून आणि पत्नीचे दागिने मोडून आठ लाख उभे राहिले. मुद्रांक शुल्क व नोंदणी ह्यांपोटी सुमारे तीन लाख आणखी लागले. ते मित्रांकडून हातउसने घेतले. उरलेले तीस लाख कर्ज : व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा हिशेब केल्याशिवाय राहवले नाही. हप्ता सुमारे सव्वीस हजार रुपये. पहिल्या हप्त्यात एकवीस हजारांहून अधिक व्याज. मुद्दल फिटते ते पाच हजारांहूनही कमी. असे दोनशे चाळीस हप्ते भरले म्हणजे तीस लाखांचे साडेबासष्ट लाखांच्या जवळपास होतात. शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी हे ऐकले आणि एवढेच विचारले, "आमची उचल पाडव्याला फिटायची. तुझी कधी फिटंल रं?"

ह्या प्रश्नात सगळे आले. उचल म्हणजे काय, हे आष्टी, पाटोदा, शिरूर ह्या तालुक्यांत कोणालाही सांगावे लागत नाही. हंगामापूर्वी मुकादम नवराबायकोच्या एका कोयत्याला आगाऊ रक्कम देतो आणि त्या रकमेपोटी त्या जोडप्याचे श्रम बांधून घेतो. काम कमी भरले तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. बँकेचे कर्ज कायदेशीर आहे, तेथे शिवीगाळ नाही, अपमान नाही, हा फरक मी लहान मानीत नाही. परंतु भविष्यातील श्रम आज गहाण ठेवण्याचे तत्त्व एकच आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र वाढली. बाकी पुढच्या हंगामावर गेली, ती अशी. पुढे २०२५ साली दर उतरले. पण घरांचे भाव त्याबरोबर उतरले नाहीत.

मग हे साडेबासष्ट लाख कशाचे? विटांचे आणि सिमेंटचे नव्हेत. सिमेंटचे पोते आणि लोखंडाची सळई आष्टीत आणि वाघोलीत जवळपास एकाच भावाने मिळते. गवंडी तर पुष्कळदा आपल्याच बाजूचा असतो. भावात जो प्रचंड फरक पडतो तो मुख्यतः जमिनीचा. जमीन कोणी निर्माण केलेली नाही आणि तिचा पुरवठा वाढविता येत नाही. म्हणूनच बाजारातील स्पर्धा भाव खाली आणते, हा नियम येथे उलटा होतो. विकणारे मोजके, घेणारे गरजवंत आणि प्रत्येकाच्या पाठीशी बँकेचे कर्ज. अशा ठिकाणी घेणाऱ्यांची आपसांतील चुरस भाव वरच चढविते. कर्ज सुलभ केले, व्याजावर करसवलत दिली, तरी तिचा बराच भाग अखेर जमिनीच्या भावात जिरतो. रिकार्डोने १८१७ साली शेतजमिनीच्या खंडाचा जो सिद्धान्त मांडला, त्याची प्रचीती आज उपनगरांत येते.

ह्या चुरशीत आमचा विद्यार्थी आणि केवळ भाववाढीसाठी चार-चार सदनिका अडवून ठेवणारा गुंतवणूकदार एकाच रांगेत उभे असतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. आणि २०१२ साली प्रा. अमिताभ कुंडू ह्यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने नागरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे दाखविले. तीतील पंचाण्णव टक्क्यांवर तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. घर नसलेली माणसे आणि माणूस नसलेली घरे एकाच वेळी वाढत असतील, तर दोष बांधकामाच्या वेगात नाही, वाटपात आहे.

ज्यांना बँक दारात उभी करीत नाही, त्यांची वाट आणखी बिकट. ते अर्धा-एक गुंठा घेतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा; म्हणून दहा-बारा कुटुंबे सातबाऱ्यावर सामाईक नावे लावतात किंवा नुसत्या नोटरीच्या कागदावर व्यवहार करतात. अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक मुदतवाढ म्हणजे कायदेशीर स्वस्त घर देण्यात शासन अपयशी ठरल्याची लेखी कबुलीच होय.

जमिनीचा भाव वाढविते कोण, हे पाहण्यासाठी पुण्यास जाण्याची गरज नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी बीडपर्यंत पोहोचली. ह्या मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलला आहे. म्हणजे रूळ टाकले ते लोकांच्या पैशाने. स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मात्र प्लॉटविक्रीच्या पाट्या ज्यांच्या आहेत, त्यांनी त्या रुळांसाठी वेगळा एक रुपयाही दिलेला नाही. समाजाने निर्माण केलेल्या ह्या अनार्जित वाढीवर खासगी मालकी आणि तिची किंमत भरणारा पहिल्यांदा घर घेणारा कष्टकरी, हा ह्या बाजाराचा गाभा आहे.

ह्यावर उपाय योजले गेले नाहीत, असे नाही. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. त्याचा हेतू रास्त होता; परंतु कलम २० व २१ खालील सवलतींच्या वाटेने मोठमोठे मालक सुटले. केंद्राने १९९९ मध्ये तो रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये. जमीन मोकळी झाली की घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. त्या आश्वासनाचे काय झाले, हे हप्त्याच्या कागदावर वाचावे.

तरीही त्याच कायद्याचा आधार घेऊन काय साधता येते, हे मृणालताई गोरे व बाबूराव सामंत ह्यांनी दाखविले. सिमेंट-वाटपाच्या प्रकरणात न्यायालयात जाण्यात हे दोघे पुढे होते. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन ह्यांचा निकाल लागला आणि मुख्यमंत्री अंतुले ह्यांना पायउतार व्हावे लागले. परंतु ते निषेधावर थांबले नाहीत. नागरी निवारा परिषदेच्या द्वारे त्यांनी सरकारकडून जमीन मिळविली आणि गोरेगावच्या दिंडोशीत अल्प उत्पन्न गटांसाठी सहा हजारांहून अधिक घरे सहकारी पद्धतीने उभी केली. जमिनीवरचा सट्टा वगळला की तेच सिमेंट आणि तेच मजूर ह्यांतून कामगाराला परवडणारे घर उभे राहते, हे तेथे सिद्ध झाले.

व्हिएन्नाचा दाखलाही असाच आहे. तेथील समाजवादी नगर प्रशासनाने १९२३ साली घरांवर चढत्या दराने खास कर बसविला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर भाड्याची घरे बांधली. आजही त्या शहराच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत. तेथे निवाऱ्यासाठी तरुण कामगाराला वीस वर्षांचे श्रम गहाण टाकावेच लागतात, असे नाही.

येथे आपलीही एक चूक मान्य केली पाहिजे. स्वतःच्या घराची ओढ ही मध्यमवर्गीय मोहाची गोष्ट म्हणून आपण पुष्कळदा हसण्यावारी नेली. ज्याचे बालपण फडावरच्या कोपीत गेले, त्याला चार पक्क्या भिंती हव्याशा वाटल्या तर तो मोह नव्हे. माणसासारखे जगण्याची ती पहिली अट आहे. ह्या ओढीला आपण उत्तर दिले नाही, म्हणून ते जाहिरातदारांनी दिले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन पातळ्यांवर काम करावे. पहिले, तातडीचे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात घर घेणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक दिवस सल्ला मिळावा. महारेरा १ मे २०१७ पासून काम करीत आहे; प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक पाहावा, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये, बिगरशेतीचा आदेश व भोगवटा प्रमाणपत्र मागावे, एवढे चार माणसांना समजले तरी चार संसार वाचतील. दुसरे, लांबचे. सार्वजनिक खर्चाने वाढलेल्या जमिनीच्या किमतीवर कर, अडवून ठेवलेल्या रिकाम्या घरांवर कर, सरकारी जमिनीचा लिलाव न करता तीवर सहकारी व भाड्याची घरे, ह्या मागण्या वेतनवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडल्या पाहिजेत. वाढलेले वेतन जर घरमालकाच्या आणि जमीनमालकाच्या खिशातच जाणार असेल, तर संपाने मिळविलेले बाजारात हरवते. आणि आष्टीपुरते बोलायचे तर स्थानकाजवळची जमीन प्लॉटवाल्यांच्या हाती पूर्णपणे जाण्याआधी नगरपंचायतीने कष्टकऱ्यांच्या घरांसाठी तीतील काही राखून ठेवावी, ही मागणी आजच करता येईल. उद्या उशीर झालेला असेल.

जाताना तो विद्यार्थी वडिलांच्या पाया पडला. म्हातारा म्हणाला, "वास्तुशांतीला येऊ आम्ही, पण हंगाम संपल्यावर." मुलाला पहिला हप्ता सुरू झाला आहे आणि बाप पुन्हा कोयता घेऊन फडावर गेला आहे. त्या घराचे हातउसने त्यानेच आपल्या उचलीतून फेडावयाचे ठरविले आहे.