जुन्नर ‘अनएक्सप्लोर्ड’ नाही

१/ पावसाळा लागला की नाणेघाटाच्या चित्रफिती फिरू लागतात. वाऱ्याने उलटा उसळणारा धबधबा, खाली धुक्यात बुडालेले कोकण आणि वर ठरलेली ओळ : ‘पुण्याजवळचे अनएक्सप्लोर्ड ठिकाण’. मी याच तालुक्यातला, इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. आपल्या परिसराचे सौंदर्य जगाला दाखवू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझा वाद त्या एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द जे पुसून टाकतो त्याच्याशी.

२/ जिथे उभे राहून ही चित्रफीत काढली जाते, तिथून काही पावलांवर एक कोरीव दालन आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख त्याच्याच भिंतींवर आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ साधारणतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन. मग अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ. आणि प्रत्येक यज्ञाला दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांचा आकड्यांसह हिशेब. भारतातील अंकचिन्हांच्या अतिप्राचीन नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आता पायांचे अवशेष उरले आहेत आणि वर नावे : सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी... राजघराण्याने जिथे स्वतःची चित्रे कोरवून घेतली, त्या वाटेला आपण ‘अज्ञात’ म्हणतो. अज्ञात कोणाला?

३/ आता तो प्रसिद्ध दगडी रांजण. ‘यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट’ हे वाक्य प्रत्येक चित्रफितीत पुराव्याच्या थाटात येते. नागनिकेच्या लेखात यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, जकात नाही. म्हणून ती कथा टाकून द्यावी काय? अजिबात नाही. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे, याची आठवण त्या रांजणाने लोकांच्या तोंडी जागती ठेवली. कथा अवश्य सांगा. कथा म्हणून सांगा. शिलालेख आणि दंतकथा दोन्ही मोलाच्या आहेत, पण एकीच्या अंगावर दुसरीचा पोशाख चढवला की दोघींचीही शोभा जाते.

४/ माझी खरी तक्रार याहून खोल आहे. आपण ‘निसर्ग’ आणि ‘इतिहास’ असे दोन कप्पे केले आहेत : धबधबा एकात, लेणी दुसऱ्यात. जुन्नरच्या डोंगरांना हे कप्पे मान्य नाहीत. इथे दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील दानलेखांत कांस्यकार, बांबूकाम करणारे, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी भेटतात. इरिल नावाचा एक यवन पाण्याच्या दोन पोढी दान देतो. (पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. ज्या टाक्यांत आपण पाण्याच्या बाटल्या फेकतो, तीच.) आणि आडुथुम नावाच्या एका शक उपासकाचा लेख आहे : वडालिका गावी करंजांपाशी वीस निवर्तने जमीन आणि दुसऱ्या एका गावी वडापाशी नऊ. ही जमीन झाडांपाशी होती की झाडे लावण्यासाठी होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. मला मात्र हा लेख फार प्रिय आहे. परदेशी वंशाचा एक माणूस आपल्या गावच्या करंजाचे आणि वडाचे नाव दगडात ठेवून गेला. आजच्या किती मथळ्यांत एखाद्या झाडाचे नाव असते?

५/ बिबट्याचेही तेच. ‘जंगल तोडले म्हणून बिबट्या गावात आला’, हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते. जुन्नरपुरते ते अर्धवट आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्यांचे पाणी पूर्वेकडे पोहोचले, ऊस उभा राहिला. त्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला, वस्त्यांभोवती भक्ष्य मिळाले. पिल्लेही तिथेच जन्मू लागली. तो गावात ‘आलेला’ नाही, तो इथलाच रहिवासी आहे. २००१ ते २००३ या काळात इथे माणसांवरील हल्ले वाढले. त्या अनुभवाचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबटे पकडून दूर सोडण्याचा उपायच हल्ल्यांना कारण ठरल्याचे दिसून आले. तरीही रात्री मोटारीच्या दिव्यांत सापडलेला बिबट्या दाखवायचा, खाली भीतीचे संगीत लावायचे आणि मग ‘याला पकडून न्या’ अशा प्रतिक्रिया गोळा करायच्या, हा उद्योग अखंड चालू आहे. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाज मात्र दरवर्षी वाघबारस पाळतो, वाघोबाला पूजतो. या दोहोंत शहाणे कोण, हे सांगायला पदव्युत्तर पदवी लागत नाही.

६/ शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते. जाडसर पाने, ताऱ्यासारखे तांबूस फूल. एकोणिसाव्या शतकात डालझेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले : ‘फ्रेरिया इंडिका’. ‘शोध’ असा लागतो. ज्यांच्या बोलीत तिला आधीच नाव होते, ते या कथेत नसतातच. ‘अनएक्सप्लोर्ड’ ही त्याच गव्हर्नरी दृष्टीची नवी आवृत्ती आहे. आता ती आपल्याच मुलांच्या तोंडी आहे, एवढाच फरक.

७/ त्याच गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची इथे शिरे उडवली गेली, असे परंपरा सांगते. शिवजन्मस्थानापाशी रांग असते, आणि असावीच. चौथऱ्यापाशी बहुतेकदा कोणी थांबत नाही. त्यांचेच वंशज आजही हिरडा गोळा करून पोट भरतात आणि त्यांच्याच वाटांवरून आपण ‘ट्रेल शोधतो’.

८/ यावर उत्तर ठरलेले आहे : ‘पर्यटन आले तर गावाला चार पैसे मिळतील.’ खरे आहे. २०१८ मध्ये शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, त्याचा मला आनंदच आहे. पण पाहुण्याला आपण काय दाखवतो, यावर तो काय विकत घेईल हे ठरते. नुसते ढग दाखवले, तर तो ढगांपुरता येईल, आवाज करील, कचरा टाकील आणि जाईल. ढग फुकट आहेत.

९/ तेव्हा छायाचित्र जरूर टाका. नाणेघाटाखाली नागनिकेचे नाव लिहा. रांजणाची गोष्ट ज्या आजीकडून ऐकली, तिच्या गावाचे नाव लिहा. झाड ओळखता येत नसेल, तर गुराख्याला विचारा. बिबट्याची जागा सांगू नका. आणि शिंदळ माकुडी दिसलीच, तर कोणता कडा, कोणती बाजू, हे स्वतःजवळच ठेवा. नकाशावरची खूण तर मुळीच नको.