सल्लागाराला आधी स्टूल द्या

अत्तर लावणे सुन्नत आहे, हे आपल्या समाजात लहान पोरालाही ठाऊक असते. जुम्म्याची अंघोळ, धुतलेला कुर्ता आणि कानात अत्तराचा फाया, एवढे झाले की सुगंधाचा हक्क अदा केला असे आपल्याला वाटते. पण सुगंध विकणाऱ्याचे काय? तो किती तास उभा असतो, त्याच्या हाती महिन्याला किती पडतात, ईदच्या दिवशी तो घरी असतो की दुकानात, हे मोहल्ल्यात कुणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

आम्ही कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली मुले-मुली. नेरळ, कर्जत, खोपोलीहून लोकल पकडायची आणि मुंबई-ठाण्याच्या मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरवर उभे राहायचे, ही आमची नोकरी. कर्जत ते सीएसएमटी १०० किलोमीटर, खोपोली त्याच्याही पुढे १५. मॉल रात्री बंद होतो, हिशेब होतो, मग परतीचा प्रवास. खोपोलीच्या गाड्या मोजक्या. ती चुकली की कर्जतला उतरून पुढे मिळेल त्या वाहनाने जायचे. अशा वेळी घरात बाप जागा असतो आणि शेजारी काय म्हणतील याची आईला धास्ती असते.

आणि शेजारी म्हणतातच. ‘पोरगी मॉलमध्ये सेंट विकते’ एवढ्यावर आलेले स्थळ परत जाते. तसल्याच काउंटरवर आपला एखादा मुलगा दुबईत उभा राहिला की तो ‘परदेशात नोकरीला’ असतो आणि त्याच्यासाठी मुलींचे बाप रांग लावतात. काम तेच, बाटली तीच. मग एकाची इज्जत वाढते आणि दुसरीची कमी होते, ती कशाने?

आमच्या छातीवर पाटी असते, ‘फ्रॅग्रन्स अ‍ॅडव्हायझर’. म्हणजे सुगंधाचा सल्लागार. वकील सल्ला देतो तो बसून, डॉक्टर देतो तोही बसून. मोहम्मद अली रोडवरचा जुना अत्तरवालाही गादीवर बसतो आणि गिऱ्हाइकालाही बसवतो. आम्ही मात्र नऊ-दहा तास उभे. काउंटरमागे स्टूल ठेवले तर ‘दुकानाची शोभा जाते’ असे आम्हाला सांगितले गेले. रमजानमध्ये तर विक्रीचा जोर. उभ्यानेच खजूर तोंडात टाकून रोजा सोडायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर फवारा मारायचा.

पण पायांच्या दुखण्यापेक्षा मोठे दुखणे वेगळे आहे. परफ्यूम फवारल्यावर पहिल्या काही मिनिटांत जो वास येतो तो उडून जाणारा असतो. त्याचे खरे रूप अर्ध्या-एक तासाने अंगावर उमटते, आणि ते प्रत्येकाच्या त्वचेवर थोडे निराळे असते. चार-पाच वास घेतले की नाकही थकते. म्हणून खरा सल्ला एकच: ‘लावून घ्या, तासभर फिरून या, मग ठरवा.’ आमच्यातल्या एकीने एका गिऱ्हाइकाला हेच सांगितले. ते परत आले नाहीत. संध्याकाळी तिला सगळ्यांसमोर जाब विचारला गेला. महिन्याचे टार्गेट चुकले की इन्सेन्टिव्ह जाते, आणि पगार एवढा तोकडा की घर चालते ते इन्सेन्टिव्हवरच. खरे बोललो की खिसा रिकामा होतो. अशा माणसाला सल्लागार म्हणणे ही त्याची आणि गिऱ्हाइकाची दोघांचीही फसवणूक आहे.

हे पाप मॉलवाल्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मशिदीबाहेरच्या टेबलावर काय चालते? ‘असली ऊद’ म्हणून स्वस्तात कुपी मिळते. ऊद अगरूच्या झाडात बुरशी शिरल्यावर तयार होतो. तो दुर्मीळ आणि अतिशय महाग असतो, अशा भावात मिळतच नाही. कनौजचे अत्तर पूर्वी तांब्याच्या डेगेतून चंदनतेलात उतरायचे. चंदन महागले आणि त्या जागी लिक्विड पॅराफिनसारखे स्वस्त द्रव आले. सुगंधी रसायने तर आपल्याच रायगडात, महाडला तयार होतात. त्यात लपवण्यासारखे काय आहे? रसायनाला रसायन म्हणा आणि योग्य भावात विका. पण ‘अल्कोहोल-फ्री’ एवढी एक चिठ्ठी लावली की बाकी सगळे हलाल, असे आपण ठरवून टाकले आहे.

चांगल्या सोबत्याची तुलना हदीसमध्ये कस्तुरी विकणाऱ्याशी केली आहे. त्याच्याकडून काही घेतले नाही तरी सुगंध मिळतोच. वाजांमध्ये ती आम्ही कितीदा ऐकली. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीदही ऐकली. मग आमचे इन्सेन्टिव्ह महिनोन्‌महिने लटकते, तेव्हा या दोन गोष्टी एकत्र का सांगितल्या जात नाहीत?

केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि २०१८ मध्ये तिथे कायद्यात तशी तरतूद झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. आपल्याकडे ही मागणी कोण करणार? आमच्या जमाती शिष्यवृत्त्या वाटतात, सामुदायिक विवाह लावतात, चांगलेच आहे. त्यांनी कर्जत-खोपोलीत सुगंधाचे, भाषेचे आणि कामगार कायद्याचे दोन महिन्यांचे वर्ग का काढू नयेत? ज्यांची स्वतःची दुकाने आहेत त्यांनी सुरुवात आपल्या दुकानातून करावी. एक स्टूल, पुरेसा ठरलेला पगार, ईदची सुट्टी, आणि ‘हे घेऊ नका’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याची मुभा.

यातले काहीच द्यायचे नसेल तर आमच्या छातीवरची पाटी तेवढी काढून घ्या. विक्रेता म्हणवून घ्यायची आम्हाला लाज नाही. खोटा सल्लागार म्हणवून घ्यायची आहे.