समजून घ्या : धडा वाचता येतो, मग कळत का नाही?

मेळघाटातील कोरकू मूल मराठी धडा घडाघडा वाचून दाखवते. अर्थ विचारला की मात्र अनेकदा गप्प होते.

कारण काय?
मराठी इंडो-आर्य कुळातली, तर कोरकू मुंडा गटातली भाषा. अक्षरे ओळखता आली, तरी धड्यातले शब्द घरी कधी कानावर पडलेले नसतात.

वर्गात काय हवे?
चित्रकार्डे, द्विभाषिक गोष्टी आणि वाचनाआधी घरच्या भाषेत गप्पा. 'स्टोरीवीव्हर'वर २०१५पासून अनेक भाषांतील गोष्टी मोफत मिळतात.

पेच कुठे?
तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे 'निपुण भारत'चे उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. वाचनाचा फक्त वेग मोजला, तर हे मूल उत्तीर्ण ठरेल आणि त्याची अडचण कुणाला दिसणारच नाही.