राजीनाम्याबरोबर विमाही सोडायचा?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

महोदय,

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मी अकाउंट्सचं काम करते. मला आमवात आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, दुपारपर्यंत बोटं सैल होतात आणि महिनाअखेरची व्हाउचर्स वेळेत निघतात. अधूनमधून दिवसभरासाठी भरती होऊन सलाइनमधून रिटुक्सिमॅब हे बायोलॉजिकल औषध घ्यावं लागतं. ते बिल आजवर कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून भागलं. रुजू होताना मला कुणी तपासणीला पाठवलं नाही, वेटिंग पीरियडही लावला नाही. आमच्या ग्रुप पॉलिसीत जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलेला आहे.

आता दुसरीकडून बरी ऑफर आहे. कंपनी मात्र छोटी, तिथे ग्रुप विमा नाही. ‘‘मॅडम, आम्ही वर्षाला ठरावीक रक्कम देतो, पॉलिसी तुम्ही तुमची घ्या,’’ असं तिथल्या एचआरने सरळ सांगितलं. धडधाकट माणसाला यात वावगं काहीच वाटणार नाही. मी बाजारात नवी पॉलिसी घ्यायला गेले, तर जुन्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकतात, तेही पॉलिसी दिलीच तर.

तुमच्या नियमांत यावर एक वाट आहे. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमध्ये धरली जातात. हे वाचून हायसं वाटलं. पण तिथेच अट आहे: अर्ज अंडररायटिंगला अधीन राहील. म्हणजे विमा कंपनीची मर्जी.

ही मर्जी आधी कळावी म्हणून मी आमच्या विमा कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं की मायग्रेशनचा अर्ज ग्रुपमधून बाहेर पडताना करायचा, निर्णयही त्यानंतरच. आधी राजीनामा, मग अर्ज, मग उत्तर. तोवर शेवटच्या दिवशी, दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या ॲपमधलं माझं ई-कार्ड बंद झालेलं असणार. ओळखीच्या एजंटने तर आवाज खाली आणून सांगितलं, ‘‘ताई, बायोलॉजिकल चालू असलेल्यांचं अवघडच असतं. आहे तिथंच राहा.’’ एरवी याच विमा कंपन्यांचे टॉप-अप घ्या म्हणून दिवसाआड फोन येतात.

महोदय, तुमच्या कार्यालयाने काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. वेटिंग पीरियडची कमाल मर्यादा 2024 मध्ये 48 महिन्यांवरून 36 वर आणलीत. त्याच वर्षीच्या 29 मेच्या परिपत्रकात कॅशलेसच्या परवानगीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास दिलेत. पोर्टेबिलिटीत, म्हणजे विमा कंपनी बदलतानाही, जुन्या विमा कंपनीने 72 तासांत माहिती द्यायची आणि नव्या विमा कंपनीने पाच दिवसांत निर्णय कळवायचा, असं बांधून दिलंत. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. ते तुमच्या हातचं नव्हतं, पण त्या सवलतीसाठी आधी पॉलिसी तर हातात पडायला हवी.

विमा कंपन्यांचं म्हणणं मला कळतं. प्रत्येक अर्ज सक्तीने घ्यायला लावला तर आजारीच तेवढे येतील, निरोगी येणार नाहीत, हप्ते भडकतील. हिशेबातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. पण निरोगी का येत नाहीत? कारण नोकरी सोडताना हा पर्याय आहे हे त्यांना कुणी सांगतच नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, आजारी असो वा नसो, ठरलेल्या हप्त्याची ऑफर आपोआप गेली तर पंचविशीतली पोरंही त्यातून थोडी येतील. हप्ता थोडा चढा असला तरी चालेल, त्याला मर्यादा घाला. अमेरिकेतल्या आमच्या नातेवाइकांना नोकरी सुटल्यावर तिथल्या कोब्रा कायद्याने साधारण 18 महिने कंपनीचाच विमा चालू ठेवता येतो. त्यासाठी हप्त्याच्या 102 टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतः भरावी लागते, म्हणजे महागच; पण नकार मिळत नाही.

आपल्याकडे पीएफचं हे जमलं आहे. यूएएन एकदा मिळाला की माणूस कुठेही गेला तरी नंबर तोच राहतो. विम्याचीही तशी नोंद हवी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सलग संरक्षण, विमा रक्कम इतकी. रिलीव्हिंग लेटरसोबत हा कागद देणं विमा कंपनीला बंधनकारक करा. ग्रुपमध्ये सलग तीन वर्षं काढलेल्याला त्याच विमा कंपनीने, निदान तेवढ्याच विमा रकमेपुरता, अंडररायटिंगच्या नावाखाली नकार देऊ नये. आणि मायग्रेशनचा अर्ज नोटीस पीरियडमध्येच घ्यायला लावा. कार्ड बंद होण्याच्या आत लेखी उत्तर मिळालं पाहिजे.

नव्या कंपनीने मला महिनाअखेरपर्यंत कळवायला सांगितलं आहे. तेवढ्यात नियम बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. निदान एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून मिळालं तर बरं होईल: राजीनामा देण्याआधी विमा कंपनीकडून लेखी होकार किंवा नकार मागण्याचा हक्क आज मला आहे का?

आपली,
एक विमाधारक, पुणे