चैन करायची, तर कुठली?

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा एक शाळासोबती सकाळीच घरी आला, चहा नको म्हणाला आणि पिशवीतून दोन गुळगुळीत रंगीत माहितीपत्रकं काढून त्याने टेबलावर ठेवली. एक पोर्श ९११ चं, दुसरं जॅग्वार एफ-टाइपचं. "यातली कुठली घेऊ ते सांग."

मला आधी थट्टाच वाटली. या माणसाने भोसरीत एका जुन्या लेथ मशीनवर धंदा सुरू केला, बजाजच्या स्कूटरवर पायाशी पेटी ठेवून माल पोचवला. पुढे चाळीस कामगार हाताखाली आले, तरी आलेल्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब करायची सवय काही सुटली नाही. मुलाला कारखान्यात रस नव्हता, म्हणून तो नुकताच विकला होता. ते पहिलं लेथ तेवढं विकलं नाही. बंगल्याच्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. माझी उभी नोकरी मोटारींच्या कारखान्यात गेली, त्यामुळे सल्ल्याचा मान माझ्याकडे आला.

दोन्ही गाड्या कोटीच्या हिशेबातल्या. परदेशातून पूर्ण बांधून येणाऱ्या अशा गाडीवर तेव्हा सीमाशुल्कच शंभर टक्के होतं. म्हणजे गाडीला एक रुपया तर सरकारला एक रुपया, आणि बाकीचे कर वेगळे. "वहिनींना सांगितलंस?" मी विचारलं. "त्यासाठीच तू हवास," तो म्हणाला.

आकडे मी लगेच बाजूला सारले. ९११ ला तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३८५ अश्वशक्ती. एफ-टाइपचं तो बघत होता ते मॉडेल पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं, ४५० अश्वशक्तीचं. शून्यापासून शंभराचा वेग गाठायला एकीला चार सेकंदांहून थोडा जास्त वेळ, दुसरीला साडेचारच्या आसपास. दोन्ही ताशी २८० किलोमीटरच्या पुढे जातात. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा शंभराची, घाटात त्याहून कमी. मग त्या अर्ध्या सेकंदाचं काय लोणचं घालायचं?

पण ९११ ची हकिगत मी त्याला रंगून सांगितली. बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की गाडी उलाळते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. पोर्शवाल्यांनी मात्र १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात जी गाडी मांडली तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे होतं. (नाव तेव्हा ९०१ होतं, मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, अशी हरकत प्यूजोने घेतली म्हणून ९११ झालं.) वळणावर चालक घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की वजन पुढे सरके, मागच्या चाकांची पकड सुटे आणि जड शेपूट फेकल्यासारखी बाहेर जाई. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर तोल राखायला पुढच्या बंपरमध्ये लोखंडी वजनं बसवली होती! दुसऱ्या कुणी इंजिन पुढे आणलं असतं. यांनी १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, पुढे टायर रुंद केले, १९९३ मध्ये मागचं सस्पेन्शन नव्याने रचलं. मध्यंतरी ९११ बंद करून पुढे इंजिन असलेली ९२८ तिच्या जागी आणायचा बेत होता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख म्हणून आले. मुख्य अभियंता हेल्मुट बॉट यांच्या खोलीत एका तक्त्यावर ९११ ची रेघ त्याच साली संपलेली होती. शुट्झ सांगत की, त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ कागदाबाहेर भिंतीवर ओढत नेली. २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ बाहेर पडली. इंजिन अजून मागेच.

"तू तीस वर्षं एकच बुशिंग सुधारत राहिलास. ही तुझी गाडी आहे," मी म्हटलं.

त्याने जॅग्वारचं माहितीपत्रक माझ्याकडे सरकवलं. त्याचं प्रेम जुनं होतं. शाळेत असताना एका इंग्रजी मासिकात त्याने ई-टाइपचा फोटो पाहिला होता. मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवत विल्यम लायन्स यांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूलला धंदा मांडला. त्यातून जॅग्वार उभी राहिली. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला ई-टाइप लोकांपुढे आली, तेव्हा चालवून बघणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की नॉर्मन ड्युइस हा चाचणी-चालक दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनिव्हाला गेला. तिचा आकार आखणारे माल्कम सेयर आधी विमान कारखान्यात होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ मध्ये तिला आपल्या संग्रहात घेतलं. पण या घराण्यात सातत्य नाही. १९७४ ला ई-टाइप संपली, मालक बदलत गेले, आणि तिची खरी दोन आसनांची वारस एफ-टाइप यायला २०१२ उजाडलं. तोवर, २००८ मध्ये, टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या होत्या. "आता आपलीच आहे की," तो म्हणाला. ती बर्मिंगहॅमला बनते याची मी आठवण करून दिली.

मग मी हुकमाचा पत्ता टाकला. ९११ ला मागे दोन छोटी आसनं आहेत. नातीला बसवता येईल, पुढच्या बॉनेटखाली बॅग मावेल, रोज बाजारात नेली तरी कुरकुर नाही. तो शांतपणे म्हणाला, "तू मला गाडी देत नाहीयेस. सबब देतोयस."

हे मात्र झोंबलं, कारण खरं होतं. आमच्या पिढीने एकही चैन चैन म्हणून केली नाही. फ्रिज घेतला तो उन्हाळ्यात दूध नासतं म्हणून; स्कूटर मुलांच्या शाळेसाठी; रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडसाठी. स्पोर्ट्स कार ही निरुपयोगी वस्तू आहे. ती परवडत असेल आणि कुणाचं देणं बुडत नसेल तर खुशाल घ्यावी, पण निरुपयोगी म्हणूनच घ्यावी. उपयोगाच्या निकषावर तिची निवड करणं म्हणजे अत्तर घेताना बाटलीत पाणी किती राहील ते बघणं. पोर्शची खुबी अशी की ती चैन असून गृहस्थाचं सोंग छान वठवते, आणि मध्यमवर्गीय मनाला तेच हवं असतं. जॅग्वार असलं काही करत नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी खर्चावरून बोलतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "भावजी, जिला मागे सीटच नाही ती कुठली?"

"जॅग्वार."

"मग तीच घेऊ दे. लग्नानंतर मागे कुणी ना कुणी असायचंच. आधी सासूबाई, मग मुलं, मग याचे कारखान्यातले लोक. दोघंच असे कुठे गेलोच नाही."

यावर काय बोलणार? यंत्र म्हणून आजही माझं मत ९११ लाच आहे, हे नोंदवून ठेवतो. गडद हिरवी एफ-टाइप २०२२ मध्ये घरी आली. रविवारी पहाटे दोघं वाईपर्यंत जातात, मिसळ खातात, परत येतात. पुण्यातल्या गतिरोधकांवर तिचं नाक घासतं म्हणून तो तिरकी चढवतो, आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात.

२०२४ मध्ये एफ-टाइपचं उत्पादन थांबलं. बातमी वाचून मी त्याला फोन केला. सुटे भाग पुढे कुठून आणणार, असं जरा विजयी स्वरातच विचारलं.

"गाडी कुठे उभी असते माहिती आहे ना?" तो म्हणाला. "लेथच्या शेजारी."